लॅबमधल्या ताई, तुमचे आभार मानायचे राहिले होते

ताई, नमस्कार. त्या दिवशी मला काही बोलताच आलं नाही, घसा दाटून आला होता, म्हणून आता लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. बडोद्यात माझ्यासारखे अजून असतील, त्यांनीही हे वाचावं असं मनापासून वाटतं.

माझी इंज्युरी डी-५ ची, म्हणजे छातीमागच्या पाचव्या मणक्याची, बाईकचा ॲक्सिडेंट, छातीखाली काही कळत नाही. मूल हवं म्हणून आम्ही आधी ज्या सेंटरला गेलो होतो तिथल्या डॉक्टरांनी फाईल उघडली नाही, माझ्याकडे बघितलं पण नाही, बायकोला म्हणाले यांचं काही होणार नाही, डोनर घ्या नाहीतर दत्तक घ्या. मी समोरच बसलो होतो हो! डोनर किंवा दत्तक यात वाईट काहीच नाही, पण एक साधी टेस्ट न करता? त्यानंतर कितीतरी महिने घरात आम्ही हा विषयच काढला नाही. मला अजून राग येतो कारण मणक्याला मार लागला म्हणून शुक्राणू बनायचे थांबतात असं नाही, बहुतेकांचे बनत असतात, फक्त बाहेर येत नाहीत. आणि डी-१० किंवा त्याच्या वरची इंज्युरी असेल तर दहातल्या साधारण आठ जणांचं वीर्याचं सँपल नुसत्या व्हायब्रेटरने मिळतं, सुई नाही भूल नाही. हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं.

प्रोसिजरचं इथे सांगत बसत नाही. माझ्यासारख्यांचं त्यात बीपी एकदम चढू शकतं म्हणून आधी गोळी दिलीत, सारखं बीपी बघत होतात, डोकं दुखतंय का विचारत होतात, तेवढंच सांगतो.

पण नंतर तुम्ही बाहेर येऊन विचारलंत, "बघायचंय तुम्हाला?" मायक्रोस्कोप उंच ओट्यावर, मी व्हीलचेअरवर. मी राहू दे म्हणालो. तुम्ही म्हणालात थांबा, आणि कोपऱ्यातल्या बुटक्या टेबलावरची रजिस्टरं उचलून खाली ठेवलीत, मायक्रोस्कोप तिथे आणलात, वायर पोचेना तर एक्स्टेंशन शोधून आणलंत, माझ्या खुर्चीचे ब्रेक लावलेत. मी पुढे वाकलो की माझा तोल जातो, हे मी सांगितलं नव्हतं, तरी तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. आणि मला दिसलं. बरेचसे स्तब्ध, पण काही चांगले वळवळत होते. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत, म्हणालात संख्या चांगली आहे, हलणारे कमी आहेत, मणक्याच्या पेशंटमध्ये असं असतंच, इक्सीमध्ये, म्हणजे शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात त्यात, एका स्त्रीबीजाला एकच लागतो.

ॲक्सिडेंटपासून प्रत्येकजण मला काय गेलं तेच सांगत आलाय ताई. काय शिल्लक आहे ते तुम्ही दाखवलंत. घरी येऊन मी आणि बायको खूप रडलो, खूप दिवसांनी आनंदाने.

अशी माणसं आहेत म्हणून चाललंय. तुमच्याकडचे वॉर्डातले मामा, आम्हाला रावपुऱ्यातून आणणारे रिक्षावाले काका, जे न सांगता खुर्ची नीट घडी करून ठेवतात, यांना कोणी शिकवलं असेल हे सगळं? मोठमोठ्या डिग्र्यावाल्यांना का येत नाही मग?

गर्भ बायकोच्या गर्भाशयात सोडून झालाय, म्हणजे ट्रान्सफर झालीये, राहिलंय की नाही त्याचा रिपोर्ट अजून यायचाय. मुद्दाम त्याच्या आधीच लिहितोय, कारण तो कसाही आला तरी हे आभार तेवढेच आहेत. त्या टेस्टसाठी रक्त द्यायला येऊ तेव्हा आई करंज्या देणार आहे तुमच्यासाठी, नाही म्हणू नका.