खोलीचं वर्कशॉप करताय, तर आधी हवेचं बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

तुमच्या पुरवणीत घरातल्या रिकाम्या खोलीत सुतारकामाचं वर्कशॉप कसं लावायचं यावर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला, कारण गेली नऊ वर्षं मी हेच करतेय, मुलगी शिकायला बाहेर गेली आणि तिच्या दहा बाय बाराच्या खोलीत मी पहिला रंधा आणून ठेवला तेव्हापासून. लेख चांगलाच होता, कुठली मशीन आधी घ्यावी, बेंच किती उंच हवं, भिंतीवर हत्यारं कशी टांगावी, सगळं होतं. पण लाकडाच्या धुळीवर फक्त एक वाक्य होतं, की काम झालं की झाडून घ्यावं. ते वाचल्यावर राहवलं नाही, कारण झाडून घेणं हीच चूक मी दीड-दोन वर्षं रोज करत होते.

तेव्हा मी एमडीएफचं (लाकडाचा बारीक लगदा रेझिनने चिकटवून, दाबून केलेल्या बोर्डाचं) पुस्तकांचं कपाट करत होते, सँडर (पॉलिश पेपरने लाकूड घासणारी मशीन) लावून तास तासभर घासायचे, दार बंद करून, वर पंखा फुल स्पीडला, आणि झालं की झाडू. आमच्या ह्यांना लहानपणापासून दमा आहे, शेजारच्याच खोलीत झोपतात. त्यांचा पंप वाढायला लागला, डॉक्टरांनी विचारलं घरात नवीन काही धूळबिळ आहे का, तर मी ठामपणे नाही म्हणाले, मी रोज झाडते म्हणून. नंतर एकदा ह्यांच्या खोलीतलं कपाटाच्या वरचं काहीतरी काढायला स्टुलावर चढले आणि बोट फिरवलं तर पिठासारखा तपकिरी थर. दार बंद असताना. दाराखालच्या फटीतून तो सगळा तिकडे जात होता. त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून जात नाही.

मुद्दा असा आहे की जमिनीवर दिसतो तो भुसा फारसा त्रास देत नाही, तो जड असतो, खाली पडतो, उचलला की संपलं. त्रास देते ती दिसत नाही ती धूळ, १० मायक्रॉनपेक्षा बारीक (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो), ती तासन्तास हवेत तरंगते आणि थेट छातीत जाते, आणि झाडू मारला की बसलेली धूळसुद्धा परत उठते. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलंय, नाकाच्या आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांच्या कॅन्सरमुळे. हे कळलं ते मुख्यतः वर्षानुवर्षं कारखान्यात राबलेल्या कामगारांवरून, रविवारी दोन तास काम करणाऱ्याने त्यामुळे घाबरून जाऊ नये, पण कारखान्याचा शेड केवढा आणि आपली खोली केवढी हेही बघायला हवं ना. एमडीएफमध्ये तर बहुतेकदा यूरिया फॉर्मल्डिहाइडचं रेझिन असतं, ते धुळीबरोबर येतंच. आणि साग नि शिसव ही नैसर्गिक लाकडं म्हणून निर्धास्त राहू नका, त्यांच्या धुळीने बऱ्याच जणांना खाज सुटते, पुरळ येतं.

मग मी काय केलं ते सांगते. सगळ्यात आधी खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट फॅन बसवला आणि समोरच्या बाजूने ताजी हवा यायला जागा ठेवली, आत येणारी हवाच नसेल तर पंखा नुसता घरघरतो. दाराला खालून रबराची पट्टी लावली. काम चालू असताना सीलिंग फॅन बंद. सँडरला व्हॅक्यूमचा पाइप कायमचा जोडलेला, कारण धूळ जिथे तयार होते तिथेच ओढली तरच उपयोग, खोलीभर पसरल्यावर मागे धावून काही हाती लागत नाही. व्हॅक्यूमच्या आधी झाकणावर सायक्लोन (हवा गोल फिरवून जाड भुसा खाली पाडणारं नरसाळं) लावलेलं पिंप ठेवलंय, जाड भुसा त्यात पडतो आणि फिल्टर लगेच चोंदत नाही. फिल्टर मात्र हेपा घ्या, खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. विरळ विणीच्या कापडी पिशवीवाला डस्ट कलेक्टर घेऊ नका, तो ढलप्या ठेवून घेतो आणि बारीक धूळ परत खोलीतच सोडतो, म्हणजे पैसे देऊन तीच हवा. झाडूऐवजी ओलं फडकं.

मास्क एन९५, नाकाजवळ नीट दाबून. रुमाल बांधून काही होत नाही. आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, मशीन बंद झाली की लगेच मास्क काढायचा नाही, आवाज थांबतो पण धूळ हवेतच असते, मी एक्झॉस्ट चालू ठेवून खोलीतून बाहेर पडते आणि मगच काढते.

खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा फरक पडला तो अर्धं काम हाताने करायला लागल्यावर. रंध्याने ढलप्या निघतात, लांब, जड, खाली पडणाऱ्या, धूळ जवळजवळ नाहीच. पटाशी नीट धार लावलेली असेल तर सांध्याला मशीन लागत नाही, शेवटचा हात पॉलिश पेपरऐवजी स्टीलच्या पातळ पत्र्याच्या स्क्रेपरने मारला तर साग असा काही चमकतो की बघत राहावं. सागात सिलिका असते म्हणून धार लवकर जाते एवढंच. आणि छोट्या खोलीत टेबल सॉ (टेबलात बसवलेली गोल करवत) बसतही नाही हो, आठ बाय चारचा प्लाय लांबीत कापायचा तर ब्लेडच्या पुढे आठ फूट, मागे आठ फूट मोकळे हवेत, दहा बाय बारात ते कुठून आणणार? मी प्लाय बाहेर मोकळ्यावर फोमच्या शीटवर आडवा टाकून गोल करवतीने कापून घेते, तुकडे मग आत. राउटर (लाकडात खाचा पाडणारी मशीन) वगैरेचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो, तेवढा आवाज पंधरा मिनिटंच सुरक्षित धरतात, कानाला मफ लावा.

अजून एक, लेखात फिनिशिंगला जवसाचं तेल सुचवलंय, पण त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात, काडी न लावता. बाहेर एकेरी पसरून वाळवा किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. घरातल्या खोलीत, पडदे-गाद्यांच्या शेजारी, हे न छापणं मला बरोबर वाटलं नाही.

विनंती एवढीच. लेखाबरोबर जो फोटो होता त्यात मुलगा सँडर चालवतोय, तोंडावर काही नाही, आणि मागे दारात लहान मूल उभं आहे. पुढच्या वेळी या विषयावर काही आलं तर फोटो मास्क घातलेल्या माणसाचा निवडा आणि दार बंद असलेला, आणि धुळीवर एक वेगळी चौकट द्या, लागली तर माझ्या या पत्रातली माहिती वापरा.

आपली,
एक जुनी वाचक