टोपणनावांमागच्या भाऊ-ताईंचे आभार

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर रात्री उशिरापर्यंत उत्तरं देणाऱ्या भाऊ-ताईंनो, मनापासून आभार. तुमची खरी नावं ठाऊक नाहीत, टोपणनावंच दिसतात. रावेरच्या एका पोरीने केळीच्या दोन वजनांची बेरीज केली, १२ आणि १५. उत्तर आलं १२१५! "एवढंही येत नाही?" असं कोणी म्हटलं नाही. "काय व्हयनं ताई, कोड टाक," एवढंच. मग नीट समजावलंत: इनपुटमधून आकडाही मजकूर म्हणूनच येतो, आधी तो इंटमध्ये, म्हणजे int() मध्ये, घालून त्याची संख्या करायची. १९९१ पासूनची ही भाषा सोपी म्हणतात खरी, पण ओळीच्या सुरुवातीची जागा सोडताना टॅब आणि स्पेस मिसळले की भले भले अडतात! स्क्रीनशॉट नको, कोडच टाका, हेसुद्धा न रागावता सांगितलंत. धुळे-नंदुरबारची नवी पोरं आता अहिराणीतूनही बिनधास्त विचारतात.