मिरजेतून, पंक आणि रिमिक्सच्या बाजूने

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या स्तंभात मागील पंधरवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचे आजच्या संगीताविषयीचे पत्र प्रसिद्ध झाले. पंक म्हणजे वाद्य न शिकलेल्यांचा आरडाओरडा, इंडी रॉक म्हणजे त्याचीच जरा नीटनेटकी आवृत्ती आणि रिमिक्स म्हणजे उघड चोरी, असा त्या पत्राचा एकूण सूर होता. (पंक म्हणजे 1970 च्या दशकात पुढे आलेले वेगवान, खरबरीत आणि साधे रॉक संगीत; इंडी म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर निघणारे रॉक; आणि रिमिक्स म्हणजे मुद्रित गाण्याचेच भाग नव्याने जुळवून केलेले रूप.) पत्रलेखकांनी आयुष्यभर केलेल्या श्रवणाबद्दल मला आदर आहे. तरीही या तिन्ही प्रकारांवर 1998 सालापासून मनापासून प्रेम करणारा एक श्रोता म्हणून मला दुसरी बाजू मांडाविशी वाटते, आणि पत्र नेहमीपेक्षा लांबले तर आपण सांभाळून घ्याल अशी आशा करतो.

मी मिरजेचा. सतारमेकर गल्ली आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तंबोरा जुळतानाचा नाद लहानपणापासून कानांवर पडत आला. पुढे पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना वसतिगृहाच्या खोलीबाहेरच्या टीव्हीवर एक इंग्रजी गाणे लागले आणि त्यात 'आशा' हे नाव पुन्हा पुन्हा ऐकू आले. मी जेवणाचे ताट हातात घेऊन तसाच उभा राहिलो. गाण्यात लता मंगेशकरांचे नाव होते, महंमद रफींचेही होते, आणि ज्यांच्यावर ते सगळे गाणे रचले होते त्या आशा भोसले आमच्या सांगलीकडच्या. ते गाणे होते 'ब्रिमफुल ऑफ आशा' आणि बँडचे नाव होते कॉर्नरशॉप.

या एका गाण्याचा प्रवास मी सविस्तर सांगतो, कारण ज्येष्ठ पत्रलेखकांच्या तिन्ही आक्षेपांना त्यात उत्तर आहे. कॉर्नरशॉप हा बँड 1991 साली इंग्लंडमधील लेस्टर येथे तजिंदर सिंग आणि त्यांच्या मित्रांनी सुरू केला. तिथे कोपऱ्यावरचे किराणा दुकान म्हणजे भारतीय किंवा पाकिस्तानी माणसाचे, अशी हेटाळणीची समजूत होती, आणि तेच नाव त्यांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतले. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका खरबरीत आणि कर्कश होत्या, त्यांचे गिटारवादन कच्चे होते, म्हणजे त्यांचे मूळ पंकमध्येच होते. 1997 साली त्यांनी 'ब्रिमफुल ऑफ आशा' काढले. ते दोन-तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोन-तीन जुळण्यांवर, रमतगमत चालणारे गाणे आहे. घराघरांत वाजणारा रेडिओ आणि मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या लहान तबकड्या यांविषयीची माया त्यात भरलेली आहे. बीबीसी रेडिओवरील निवेदक जॉन पील यांच्या श्रोत्यांनी त्या वर्षाचे सर्वोत्तम गाणे म्हणून त्याची निवड केली, पण विक्रीच्या यादीत ते 60 व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले.

मग नॉर्मन कुक यांनी त्याचे रिमिक्स केले. फॅटबॉय स्लिम या नावाने ओळखले जाणारे हे गृहस्थ पूर्वी हाउसमार्टिन्स या हल शहरातील इंडी बँडमध्ये बेस गिटार वाजवीत असत. त्यांनी गाण्याची लय वाढवली, त्याबरोबर पट्टीही वर चढली, खाली जाडजूड ताल घातला आणि गिटारचा तो छोटा तुकडा घोळवून घोळवून पुढे आणला. फेब्रुवारी 1998 मध्ये 'टायटॅनिक' चित्रपटातील गाण्याला मागे सारून ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. पंकच्या मुशीतून आलेला बँड, त्याचे इंडी गाणे, एका इंडी वादकाने केलेले त्याचे रिमिक्स आणि गाण्याचा विषय आपली आशाताई. हे तीन प्रकार एकाच कुळातले आहेत हे मला त्या वर्षी कळले आणि तेव्हापासून मी ते वेगळे करून ऐकलेले नाहीत.

आता 'वाद्य न शिकलेल्यांचा आरडाओरडा' या आक्षेपाविषयी. त्यातील निम्मी गोष्ट खरी आहे हे मी मान्य करतो. न्यूयॉर्कच्या रामोन्स या पंक बँडने 1976 साली आपली पहिली ध्वनिमुद्रिका आठवडाभरात, सुमारे 6,400 डॉलरमध्ये पूर्ण केली आणि 14 गाणी अर्ध्या तासाच्या आत संपवली. कोणत्याही गाण्यात वादनकौशल्य मिरवण्याचा प्रयत्न नाही. जानेवारी 1977 मध्ये इंग्लंडमधील एका हस्तनिर्मित पंक पत्रिकेने गिटारच्या तीन कॉर्डच्या आकृत्या छापल्या आणि खाली वाचकाला सरळ सांगितले की आता बँड काढ. घराण्याची तालीम, गंडाबंधन आणि वर्षानुवर्षांचा रियाज पाहत वाढलेल्या माणसाला हे उद्धट वाटणारच, आणि मलाही सुरुवातीला वाटले होते. परंतु ज्याच्या घरी गुरू नाही, वाद्य नाही आणि शिकवणीला पैसेही नाहीत, त्याच्याकडेसुद्धा सांगण्यासारखे काही असते, आणि त्याला सांगू देण्याची वाट या तीन आकृत्यांनी मोकळी केली.

मला सर्वांत प्रिय असलेले उदाहरण मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडचे आहे. त्यांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून 500 पौंड उसने घेतले, 28 डिसेंबर 1976 रोजी चार गाणी मुद्रित केली, 'स्पायरल स्क्रॅच' नावाची तबकडी स्वतःच्या लेबलवर, म्हणजे स्वतःच काढलेल्या छोट्या ध्वनिमुद्रण कंपनीच्या नावाने, काढली आणि सुरुवातीला फक्त 1,000 प्रती छापल्या. पुढे त्या 16,000 पर्यंत खपल्या. वेष्टनावर त्यांनी प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर नंतर काही चढवले की नाही, हेसुद्धा छापले. ज्यांना लपवण्यासारखे काही नाही आणि आपण केले तसे दुसऱ्यानेही करावे अशी ज्यांची इच्छा आहे, तेच असा तपशील छापतात. त्यातील एका गाण्यात गिटारच्या एकल वादनाच्या जागी दोनच स्वर पुन्हा पुन्हा वाजतात. गाणे कंटाळ्याविषयीचे आहे, त्यामुळे त्या दोन स्वरांच्या जागी कितीही सफाईदार तान घातली तरी गाण्याचा अर्थच नाहीसा होईल. याला मी वादनातील उणीव म्हणत नाही, विचारपूर्वक केलेली निवड म्हणतो. इंडी या शब्दाचा अर्थही अशाच तबकड्यांतून घडला. मोठ्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर काढलेल्या या तबकड्या लंडनमध्ये 1976 साली सुरू झालेल्या रफ ट्रेड यांसारख्या दुकानांतून विकल्या जात, आणि 1980 पर्यंत ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीची स्वतंत्र यादीच प्रसिद्ध होऊ लागली. कॉर्नरशॉपच्या विजा या लेबलचे नावसुद्धा त्याच दुकानाच्या पत्त्यातील पोस्टाच्या सांकेतिक क्रमांकावरून घेतलेले आहे.

आम्हीही हे करून पाहिले. वसतिगृहातल्या तिघांनी मिळून एक उसनी गिटार, एक ढोलकी आणि खोलीतला टेबलफॅन बंद ठेवून मिळणारी शांतता एवढ्या सामग्रीवर पाच मराठी गाणी बसवली. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात दुसरे गाणे चालू असतानाच आमच्या माइकचा वीजपुरवठा तोडण्यात आला, आणि ते मला आजही लागते, कारण आम्ही महिनाभर तालीम केली होती. त्यानंतर आम्ही ती गाणी साध्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केली, डबल कॅसेटच्या टेपवर एकेक करीत 40 प्रती काढल्या, झेरॉक्सचे वेष्टन कात्रीने कापून घातले आणि दहा रुपयांना एक अशा विकल्या. एक प्रत अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यातील गाणे फारसे चांगले नाही, पण ते आमचे आहे आणि मराठीत आहे.

रिमिक्सवरील चोरीचा आरोप अधिक गंभीर आहे, म्हणून त्याची फोड करायला हवी. रिमिक्सचा उगम जमैकाच्या किंग्स्टन शहरात, 1960 च्या दशकाच्या अखेरीस, गायकाचा आवाज काढून टाकलेल्या तबकड्या नृत्याच्या मेळाव्यांत वाजू लागल्या तिथे आहे. किंग टबी या नावाने प्रसिद्ध झालेले ऑस्बर्न रडॉक हे मूळचे रेडिओ आणि ध्वनिवर्धक दुरुस्त करणारे कारागीर. मुद्रित गाण्यातला आवाज, ढोल आणि बेस वेगवेगळे उचलून, मधूनच एखादा पूर्ण गप्प करून, दुसऱ्यावर प्रतिध्वनी सोडून त्यांनी जुन्याच गाण्यातून नवी रचना उभी केली. यालाच डब म्हणतात. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हे वाद्यासारखे वाजवता येते हे या कारागिराने दाखवले, आणि मिरजेत वाढलेल्या मला कारागिराचे हे मोठेपण चटकन पटते. लंडनमधील रॉक्सी क्लबमध्ये पंकचे पहिले कार्यक्रम होत असत, तेव्हा वाजवण्याइतक्या पंकच्या तबकड्या निघालेल्याच नव्हत्या. म्हणून तिथे तबकड्या लावणारे डॉन लेट्स हे दोन बँडच्या मधल्या वेळात रेगे हे जमैकाचे संगीत आणि डब वाजवीत. पंकच्या मुलांच्या कानांत डब तिथून शिरला. 1979 साली स्लिट्स या मुलींच्या बँडची पहिली ध्वनिमुद्रिका डबचे जाणकार डेनिस बोव्हेल यांनी घडवली, आणि तिच्यातील मोकळ्या जागा ऐकताना ती जवळीक स्पष्ट जाणवते.

आपल्याकडे 2002 च्या सुमारास ज्याला रिमिक्स म्हटले गेले ते बहुतांशी रिमिक्स नव्हतेच. जुने हिंदी गाणे नव्या गायिकेकडून गाऊन घेऊन त्याखाली ताल घातलेला असे. कायद्याच्या भाषेत ते मूळ मुद्रणाचे नव्हे तर रचनेचे पुनर्मुद्रण होते. 1957 च्या प्रताधिकार कायद्यात सूचना व मानधन देऊन दोन वर्षांनंतर असे मुद्रण करण्याची मुभा होती, आणि 2012 च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांवर नेली. त्या काळच्या अनेक कॅसेटींवर मूळ संगीतकाराचे नाव बारीक अक्षरांत शोधावे लागे, आणि याबाबतीत ज्येष्ठ पत्रलेखकांचा राग मला पूर्णपणे योग्य वाटतो. मिरवणुकीत रिमिक्स वाजवणाऱ्या भिंतीएवढ्या ध्वनिवर्धकांचा जाच मलाही होतो, परंतु तो आवाजाच्या पातळीचा प्रश्न आहे आणि त्यावर भजन लावले तरी तो तेवढाच राहील.

मात्र दुसऱ्याची चाल घेणे हेच पाप, असे म्हणताना आपण आपल्या संगीत रंगभूमीकडे पाहावे अशी माझी विनंती आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र'ची छापील प्रत उघडली की पदाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून ते पद कोणत्या जुन्या गाण्यावर बेतले आहे हे नोंदलेले दिसते. 1911 च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंबे यांनी मैफलीतील चिजा आणि ठुमऱ्यांच्या आधारे पदे घडवली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. घेतलेले कोणाचे हे सांगणे आणि त्यात स्वतःचे काही घालणे, या दोन अटी तिथे पाळल्या गेल्या होत्या. कॉर्नरशॉपच्या गाण्याचे रिमिक्सही त्यांच्याच नावाने, त्यांच्याच लेबलवरून प्रसिद्ध झाले आणि मूळ गाणे नव्याने शोधले जाऊ लागले. ते शोधणाऱ्यांपैकी मी स्वतः एक आहे.

जाता जाता कानाविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पंकमधील गिटारच्या फाटलेल्या आवाजाला गोंगाट म्हणतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तार किंचित घासत राहावी म्हणून कारागीर तिचा पृष्ठभाग तासतो आणि तारेखाली सूत सरकवतो; त्या घासण्यातून मूळ स्वराच्या वरचे उपस्वर फुलतात आणि त्याला आपण जवारी म्हणतो. गिटारचा ध्वनिवर्धक त्याच्या क्षमतेपलीकडे ताणला की ध्वनिलहरीचे माथे कापले जातात आणि त्यातूनही मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. दोन्हींचा दर्जा सारखा आहे असा माझा दावा नाही. स्वच्छ स्वरापेक्षा भरलेला स्वर हवासा वाटणे ही दोन्हीकडची ओढ मात्र एक आहे, आणि मला ती आधी तंबोऱ्याने लावली.

आपल्याकडे माझी मागणी साधी आहे. मुंबईत 1986 पासून रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकचे मेळे भरले, पुण्यात 2010 साली एनएच7 वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला, आणि अभंग रीपोस्टसारखा बँड संतांचे अभंग गिटार आणि ड्रम्सच्या साथीने गातो आहे. यांच्याविषयी मराठी वृत्तपत्रांत बातमी येते, छायाचित्र येते, कधी वाहतुकीच्या कोंडीची तक्रारही येते. पण गाणे कसे झाले, काय चुकले, कुठे रंग भरला असे लिहिणारे परीक्षण क्वचितच दिसते. सवाई गंधर्व महोत्सवातील प्रत्येक सत्राविषयी आपले समीक्षक ज्या आस्थेने लिहितात, त्याच कानाने त्यांनी महिन्यातून एकदा तरी घरच्या संगणकावर गाणी मुद्रित करणाऱ्या मराठी मुलामुलींविषयी लिहावे. कडक लिहिले तरी चालेल. आमच्या त्या 40 कॅसेटींविषयी कोणी चार वाईट ओळी जरी लिहिल्या असत्या, तर आम्ही सहावे गाणे नक्की बसवले असते.

ज्येष्ठ पत्रलेखक कधी मिरजेच्या बाजूला आले तर त्यांनी माझ्या घरी अवश्य यावे. 'ब्रिमफुल ऑफ आशा'ची दोन्ही रूपे माझ्याकडे तबकडीवर आहेत. आधी मूळ लावू, मग रिमिक्स, आणि त्यानंतर ते सांगतील ते आशाताईंचे नाट्यगीत.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज