तानसा आमचा, टँकरही आमचाच

महोदय,

रविवारच्या पुरवणीत डोंगरातल्या जंगलांचे ‘सेवामूल्य’, म्हणजे रान पाणी मुरवते, माती धरते त्याची पैशांतली किंमत, मांडणारा लेख वाचला. हेक्टरी इतके लाख, वर्षाला तितके कोटी! हिशेब चोख. बिल कोणाच्या नावे फाडायचे आणि पैसे कोणाच्या हाती द्यायचे, तेवढे मात्र राहून गेले.

माझे आजोळ शहापूर तालुक्यात. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव तिथला, भातसाही तिथलाच. मुंबईचा मोठा नळ गावाच्या शिवेवरून जातो. लहानपणी त्याला कान लावून आम्ही आतला आवाज ऐकायचो. घरामागे साग-ऐनाचे रान आणि पायथ्याला विहीर. पाणी किती खाली गेले ते कळावे म्हणून मामी दोराला गाठी मारून ठेवायची. वैशाखातही चौथी गाठ कधी भिजायची राहिली नाही. मग वरचा उतार कोणीतरी घेतला, जेसीबी चढला, प्लॉट पडले. पहिल्याच पावसात विहिरीत लाल गाळ. पाणी मुरवून ठेवणारे रानच गेले. आता होळीलाच तळ दिसतो. पंच्याहत्तरीची मामी हंडा घेऊन टँकरपाशी उभी असते. आपले लेखक याला ‘जलनियमन सेवेतील घट’ म्हणत असावेत. मामीला सांगून बघतो.

तानसा १८९२ पासून मुंबईला पाजतोय. सात तलावांतून आपल्याला रोज सुमारे ४०० कोटी लिटर पाणी मिळते आणि आमच्या सोसायटीत त्यातल्याच पाण्याने, पाइप लावून, गाड्या न्हाऊ घातल्या जातात. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये, आपले पाणी जिथून येते त्या कॅट्सकिल डोंगरातल्या गावांशी करार केला. गाळण प्रकल्पात अब्जावधी डॉलर ओतण्यापेक्षा वरच्या जमिनी राखल्या, तिथल्या शेतकऱ्यांना पैसे दिले. आपण वरच्यांना काय देतो? पुरवणी.

आणि त्याच पुरवणीच्या शेवटच्या पानावर पानभर जाहिरात: ‘डोंगरउतारावर, निसर्गाच्या कुशीत बंगलो प्लॉट’! लेख आणि जाहिरात एकाच टेबलावरून जात नसतील, हे समजू शकतो.

जाता जाता, तलावांतील पाणीसाठ्याचा चौकोन आपण इतक्या बारीक टाइपात छापता की मला भिंग घ्यावे लागते. प्लॉटवाल्याचा फोन नंबर चष्म्याशिवाय वाचता आला.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)