माईक कुठला घ्यायचा हे न सांगता मलाच प्रश्न विचारत बसलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही, आणि घरी गाणं रेकॉर्ड करायला परवडणारा माईक शोधणाऱ्या कुणाच्या हाती हे लागलं तर त्यांचंही काम होईल.

"कमी पैशांत कुठला माईक घेऊ?" हे मी तुमच्याआधी बऱ्याच जणांना विचारलं होतं. प्रत्येकाने फटकन एकेक मॉडेल सांगितलं, बहुतेकांनी स्वतःकडे आहे तेच. तुम्ही मात्र उलटतपासणी सुरू केलीत. गातेस किती जोरात? खोलीत काय काय सामान आहे? पंखा बंद करून गाता येईल का? एकटीच गाणार, की पुढे शेजारी कुणी गिटार घेऊन बसणार? खोलीत टाळी वाजवून पाहिलीस? तेव्हा जरा वैताग आला होता, हे आता सांगायला हरकत नाही. पण शेवटच्या प्रश्नासाठी टाळी वाजवली, तेव्हा दोन उघड्या भिंतींमध्ये तिचा आवाज कसा फडफडत राहतो ते पहिल्यांदा कानाला लागलं.

मग तुम्ही तुमचे दोन माईक घेऊन आलात. एक डायनॅमिक, म्हणजे चुंबकात हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्यावर चालणारा, शुअर एसएम५८. दुसरा कंडेन्सर, म्हणजे वीज पुरवावी लागणारा, ऑडिओ-टेक्निका एटी२०२०. मला सगळ्यांनी बजावलं होतं की खोली गुंजत असेल तर डायनॅमिकच घ्यायचा, कंडेन्सर खोलीतलं सगळं पकडतो. तुम्ही यावर वाद घातला नाहीत. दोन्ही माईक जवळजवळ चिकटवून लावलेत, तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि मला एकच ओळ गायला लावलीत. नंतर दोन्ही ट्रॅकची पातळी एकसारखी केलीत, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. नावं झाकून ऐकवलंत. खोलीची गुंज दोन्हींत जवळपास सारखीच! मग मला दोन पावलं मागे सरकवलंत, आणि दोन्ही ट्रॅक सारखेच पोकळ झाले.

कारण तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज होता तेवढाच राहतो. डायनॅमिक खोली ऐकत नाही असं वाटतं, कारण लोक तो ओठांना लावून गातात. कंडेन्सरलाही तेवढंच जवळ गेलं तर खोली तशीच मागे पडते. हा एक मुद्दा मला आधी कळला असता तर कितीतरी फुकटचे वाद वाचायचे वाचले असते.

मग फरक कशात? माझ्या बाबतीत तो आवाजाच्या ताकदीत निघाला. मी हळू गाते, खालच्या स्वरांत तर अगदी पुटपुटल्यासारखी. सारख्याच दाबाच्या आवाजाला एसएम५८ जिथे सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, तिथे एटी२०२० सुमारे १४ देतो, म्हणजे साडेसात पट. माझ्या साध्या इंटरफेसचा (माईक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) गेन, म्हणजे आवाज वाढवायचं बटण, डायनॅमिकसाठी जवळजवळ शेवटपर्यंत फिरवावा लागत होता, आणि हेडफोनमध्ये सूऽऽ असा आवाज चढत होता. कंडेन्सरला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज) दिलं आणि गेन निम्म्यावर आणला तरी आवाज भरपूर. ठरलं तिथेच.

मी खुल्या गळ्याने गाणारी असते तर १९६६ पासून जगभर मंचांवर राबणारा तो एसएम५८च घे म्हटलं असतं, असंही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. तो पडतो, आपटतो, तरी चालतो. फँटम पॉवरची गरज नाही. मला ही गोष्ट फार आवडली, की एका माईकला चांगलं ठरवायला तुम्ही दुसऱ्याला नावं ठेवली नाहीत.

मला रोडच्या एनटी१चाही मोह होता. त्याची स्वतःची कुरकुर, म्हणजे शांततेतही माईक जी सुरसुर करतो ती, ५ डेसिबलच्याही खाली, एटी२०२०ची २०. कागदावर केवढा फरक! तुम्ही एवढंच विचारलंत, "तुझी खोली रात्री तरी २० डेसिबलइतकी शांत असते का?" नसते. मग जास्तीचे पैसे तुम्ही मला स्टँड, पॉप फिल्टर (तोंडातली हवा अडवणारी जाळी) आणि बंद कपाच्या हेडफोनवर घालायला लावलेत. हेडफोन बंद कपाचे नसतील तर ट्रॅकचा आवाज गळून परत माईकमध्ये शिरतो, हे मी शिकले.

इंटरफेसशिवाय थेट कॉम्प्युटरला लागणाऱ्या यूएसबी माईकबद्दल मात्र माझं मत तुमच्यापेक्षा थोडं मवाळ आहे. एकटीच गाणारी व्यक्ती, टेबलावर एक वायर, विषय संपला. पण माईकच्या पोटातलं, आवाजाचे आकडे करणारं कन्व्हर्टर बिघडलं तर सगळंच बसतं आणि दुसरा माईक जोडायची सोय नसते, हे तुमचं म्हणणं मान्य.

सगळ्यात उपयोगी पडली ती गोधडी. मी फोमचे तुकडे माईकच्या मागे चिकटवायच्या तयारीत होते. तुम्ही म्हणालात, हा कार्डिऑइड आहे, पाठीमागचं त्याला सर्वांत कमी ऐकू येतं. तो ऐकतो ते तुझ्याकडचं, म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीवरून येणारं. म्हणून जाड गोधडी माझ्यामागे टांगली आणि माईकची पाठ कॉम्प्युटरच्या पंख्याकडे केली. पुन्हा टाळी वाजवली तर फडफड बरीच मावळलेली. आणि या माईकच्या बाजूकडे तोंड करून गायचं असतं, टोकाशी नाही, हे तुम्ही आधीच दाखवलंत हे बरं झालं. दिसायला तो हातात धरायच्या माईकसारखाच उभा असतो.

जवळ गायचं म्हटलं की दोन भानगडी येतात, त्याही तुम्ही आधीच सांगून ठेवल्या होत्यात. एक म्हणजे खर्ज फुगतो. त्यासाठी ८० हर्ट्झच्या आसपास लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावते, किंवा सरळ चार बोटं मागे सरकते. दुसरी म्हणजे फ आणि भ. "फुलले" म्हटलं की धाप्पकन हवेचा गोळा माईकवर. पॉप फिल्टर लावूनही थोडा उरतोच, म्हणून माईक तोंडासमोर न ठेवता कपाळाच्या उंचीवर ठेवून किंचित खाली वळवला. हवा खालून निघून जाते, आवाज मात्र पोचतो.

पहिलं रेकॉर्डिंग काहीही प्रक्रिया न करता पाठव म्हणाला होतात. २४ बिटमध्ये, सर्वांत मोठा स्वर कमाल पातळीच्या १० डेसिबल खाली, म्हणजे उणे १०च्या आसपास राहील असा गेन ठेवून पाठवलं. कौतुक येईल म्हणून वाट पाहत होते. उत्तर आलं: "स टोचतोय. माईक अजून जरा तिरका कर, मग पाठव." तिरका केला. टोचायचं कमी झालं. नवी फाइल आज पाठवली आहे, आणि तुमचे दोन्ही माईक केबलसकट या आठवड्यात घरी आणून देते.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
हळू गाणारी