पेटी नव्हे, रांजण

महोदय,

एखादे दडपलेले प्रकरण बाहेर आले की 'पँडोराची पेटी उघडली' हा मथळा ठरलेला. ग्रीक पुराणकथेत पँडोरा या स्त्रीने झाकण उघडले आणि सगळी संकटे जगात पसरली; पण त्या मूळ कथेत पेटी नाहीच. प्राचीन कवी हेसिअडच्या ग्रीक काव्यात शब्द आहे 'पिथोस', म्हणजे तेल, वाइन, धान्य साठवायचा मातीचा रांजण. क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्यात सापडलेले असे काही रांजण तर माणसाच्या उंचीचे आहेत. सोळाव्या शतकात डच विद्वान इरॅस्मसने ही कथा लॅटिनमध्ये सांगताना 'पिक्सिस', म्हणजे डबी, असा शब्द वापरला आणि तोच युरोपभर रुळला. आपल्याकडे तो इंग्रजीमार्गे पेटी होऊन आला. रूढ झाला, असो. पण झाकण परत लागले तेव्हा आत आशा उरली होती, हा कथेचा अर्धा भाग मथळ्यात कधीच येत नाही.

संगणकाच्या बातम्यांत घातक प्रोग्रॅमला दिलेले 'ट्रोजन' हे नाव तर चक्क उलटे आहे. ट्रॉय नगर जिंकण्यासाठी पोटात सैनिक लपवलेला लाकडी घोडा ग्रीकांनी बनवला. ट्रोजन म्हणजे ट्रॉयचे रहिवासी, फसून तो स्वतःच वेशीच्या आत ओढून नेणारे लोक. त्यामुळे बाहेरून कुलूप फोडणाऱ्या प्रत्येक हल्ल्याला हे नाव लागू पडत नाही. वापरणाऱ्याने उपयोगी समजून स्वतः उतरवून घेतलेली फाइल, तोच ट्रोजन.

आणि घरभेद्याबद्दल लिहायचे तर ट्रॉयपर्यंत कशाला जायचे? बळीने दानाचे उदक सोडू नये म्हणून झारीच्या तोटीत बसलेले आणि दर्भाच्या काडीने डोळा गमावलेले शुक्राचार्य मराठीत केव्हाचे आहेत.

— एक वाचक