धावू नकोस म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुमच्या दवाखान्याच्या 22 पायऱ्या मी पहिल्यांदा चढले, तेव्हा दोनदा खाली बसले होते. दुसऱ्यांदा बसले ती तुमच्या दाराशीच, चपलांशेजारी. तुम्ही बाहेर आलात, पाण्याचा ग्लास हातात दिलात आणि विचारलंत, "परवा काय केलं होतंस?" आज काय होतंय, हे दीड महिना सगळेच विचारत होते. परवाचं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्याच.

परवा मी 800 मीटर धावले होते. पोलीस भरतीत मुलींना पूर्ण 20 गुण हवे असतील तर ते अंतर 2 मिनिटं 50 सेकंदांत काढावं लागतं. आजारपणाआधी माझी 2:58 पर्यंत मजल गेली होती. मग गणपती उठले आणि मला डेंग्यू झाला. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यानं पाणी येतं, त्यामुळे घरोघरी ड्रम भरलेले. बिनझाकणाचा एक आमच्याच न्हाणीत निघाला. आरोग्यसेविकेनं टॉर्च मारून त्यातल्या अळ्या दाखवल्या, तेव्हा माय ओशाळली. प्लेटलेट 38 हजारांवर गेल्या, सलाईन लागलं, शेजारणींनी पपईच्या पानांचा रस पाजला (तो कडूपणा अजून जिभेवरून गेला नाही). आठव्या दिवशी घरी आले. ताप गेला म्हणजे आजार गेला, असंच आम्ही समजलो.

तीन आठवड्यांनी कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पुन्हा धावायला लागले. त्या दिवशी काहीच व्हायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वेणी घालताना हात आपोआप खाली यायचे. डोकं जड, घसा दुखरा, झोप होऊनही न झाल्यासारखी. अकॅडमीतले सर म्हणाले, "नाटकं बंद कर, घाम काढ." मी घाम काढला आणि चार दिवस अंथरुणात गेले. हिमोग्लोबिन, थायरॉईड, सगळे रिपोर्ट नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर मनाला लावून घेऊ नको म्हणून बोळवण केली. माय म्हणायची, "कामून गं माय, कोणाची नजर लागली?" आणि मीठ-मोहऱ्या उतरवायची. खरं सांगू? त्या दिवसांत मलाही वाटायला लागलं होतं की मी अंगचोरच आहे.

तुम्ही आधी ईसीजी आणि इको करून आणायला लावलंत. अशा तापात हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, ते पाहिल्याशिवाय एक पाऊल चालवणार नाही म्हणालात. ते ठीक निघाल्यावर व्हरांड्यात 30 मीटरवर खडूच्या दोन रेघा, दोन टोकांना दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, माझ्या बोटाला ऑक्सिमीटर. सहा मिनिटांत होईल तेवढं चालायचं. 390 मीटर झाले. मग तो दमण्याचा तक्ता पुढे केलात, 6 ते 20 आकड्यांचा. एकपासून का नाही, असं मी चिडूनच विचारलं. तुम्ही म्हणालात, आकड्यापुढे शून्य लाव, तरण्या माणसाच्या नाडीचे ठोके साधारण तेवढेच येतात. मी 15 वर बोट ठेवलं. नुसतं चालून!

मग अमेरिकेतल्या डॅलसची गोष्ट सांगितलीत. 1966 मध्ये विशीतल्या पाच धडधाकट पोरांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता पावहून जास्त घटली. नंतर आठ आठवड्यांच्या व्यायामानं ती भरून निघाली. मी लगेच म्हटलं, मग मलाही पळवा की! तेव्हा तुम्ही म्हणालात, त्या पोरांना दोन दिवसांनी ताप-घसा होत नव्हता. झोपून गेलेली ताकद व्यायामानं परत येते. पण व्यायामानंतर दिवस-दोन दिवसांनी सगळंच उसळतं तेव्हा जोर लावणं म्हणजे आगीत रॉकेल. तुझ्यात दोन्ही आहे, आणि आधी दुसरं शांत करायचंय.

त्या दिवशी मी तुमच्यावर मनातून खूप चिडले होते. पैसे देऊन बसायला शिकवतात, असं घरी सांगितलं. पाटावर बसून आंघोळ, बसून कणीक मळायची, भांडी दोन टप्प्यांत. पाच मिनिटं चालणं, तेही दम लागायच्या आधी संपवायचं. नाडी 110 च्या वर गेली की जिथं असेन तिथं टेकायचं. वहीत रोज तीन रकाने: काल काय केलं, आज कसं वाटतं, परवाची उधारी किती निघाली. 'उधारी' हा शब्द तुमचाच. सलग दहा दिवस त्या रकान्यात शून्य आलं तेव्हा कुठं पाच मिनिटांची सात झाली.

अण्णांनाही तुम्ही बोलावून घेतलंत आणि एका अभ्यासाबद्दल सांगितलंत. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावात वेगवेगळ्या जंतूंचा ताप आलेल्यांवर पुढं लक्ष ठेवलं, त्यातला एक विषाणू चिकुनगुन्याच्या जातकुळीतला. सहा महिन्यांनंतरही शंभरातले साधारण 12 जण थकलेलेच होते, आणि ते सुरुवातीचा आजार किती जोरात होता त्यावर ठरत होतं, मनाच्या कच्चेपणावर नाही. अण्णा गप्प बसून राहिले. रिक्षात म्हणाले, 2006 ला चिकुनगुन्या झाला तेव्हा मी कापूस वेचणीला गेलो नव्हतो, भावकीनं कामचुकार म्हणून नाव पाडलं. हे त्यांनी मायलाही कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे हंडे ते स्वतः उचलायला लागले.

परवा व्हरांड्यातल्या त्याच रेघांमध्ये 510 मीटर भरले, तक्त्यावर 11. ही भरती हुकली, त्याचं वाईट वाटतं, ते लपवत नाही. पण काल केस धुऊन एका दमात वेणी घातली.

हुरड्याचे दिवस आहेत, शेतातून काढून ठेवलाय. तिळाच्या चटणीसकट घेऊन येते. 22 पायऱ्यांत मध्ये एकदा टेकेन, वेळ लागला तर खाली पाहायला येऊ नका.

तुमची,
परभणीची वहीवाली